कॉम्प्रेसरची रात्रीची हवा : अंबडमधील कार्यशाळेतील सेन्सर जोडणीच्या नोंदी

९ जून २०२५

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमची वाहनांचे सुटे भाग बनवणारी छोटी कार्यशाळा आहे आणि तिच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. संपूर्ण शॉपला हवा पुरवण्यासाठी २० एचपीचा, म्हणजे १५ किलोवॅटचा एक स्क्रू कॉम्प्रेसर आहे. त्याची क्षमता ८० सीएफएम, म्हणजे मिनिटाला सुमारे २२६५ लिटर मोकळी हवा इतकी असून सोबत ५०० लिटरची टाकी आहे. रात्री अकरानंतर शॉपमध्ये फक्त एक व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे संगणकनियंत्रित कटाई यंत्र, लांब सायकलच्या जॉबवर चालू असते. तिला टूल क्लॅम्पिंगसाठी आणि स्पिंडलमध्ये धूळ शिरू नये म्हणून थोडी हवा लागते. एवढ्याशा गरजेसाठी कॉम्प्रेसर दर मिनिटाला लोड घेतो, म्हणजे टाकीत हवा भरू लागतो, हे रात्री शॉपमध्ये उभे राहिले की कानाला कळते. परंतु त्यात व्हीएमसीने वापरलेली हवा किती, गळतीत गेलेली किती आणि त्यासाठी वीज किती खर्च झाली, यांपैकी एकही आकडा आमच्याकडे नाही.

टाकीवर दाबाचा सेन्सर आणि मोटरच्या केबलवर विजेचे मीटर बसवून दोन्हींच्या नोंदी सतत साठवायच्या आणि त्यांतून गळती काढायची, असे काम ठरले आहे. कॉम्प्रेसरच्या मूळ कंट्रोलरला हात लावायचा नाही, ही अट मालकांनी घातली आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे, कारण हमीच्या मुदतीत असलेल्या यंत्रात बाहेरची वायर शिरवणे कोणाच्याच हिताचे नसते. ज्यांना हेच काम आपल्या शॉपमध्ये करायचे आहे, त्यांच्यासाठी या नोंदी तारखेनुसार ठेवत आहे.

१४ जून

सुरुवात ईएसपी-३२ हा वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि ऑनलाइन नऊशे रुपयांना मिळणारा ०.५ ते ४.५ व्होल्ट आउटपुटचा, १० बारचा प्रेशर सेन्सर घेऊन केली. ही रचना टिकली नाही. टाकीवरच्या गेजवर ६.५ बार दिसत असताना सेन्सर ६ बार दाखवत होता. सेन्सर खराब असावा असे प्रथमदर्शनी वाटले, परंतु मल्टिमीटर लावल्यावर कारण निघाले ते सप्लायचे. हा सेन्सर स्वतःच्या सप्लायच्या प्रमाणात आउटपुट देतो. पाच व्होल्टच्या ऐवजी त्याला बारा मीटर वायरच्या टोकाला ४.७ व्होल्टच मिळत होते आणि प्रोग्रॅम मात्र पाच व्होल्ट धरून हिशेब करत होता. तेवढ्या ०.३ व्होल्टच्या घटीने जवळपास अर्ध्या बारची चूक होते. त्यातच शॉपच्या शेजारच्या भागात वेल्डिंग सुरू झाले की आकडा नाचत असे. मोटारगाडीच्या इंजिनाजवळ वीतभर वायरवर हा सेन्सर उत्तम चालत असेल; शॉपमधल्या लांबीला तो उपयोगी नाही.

२० जून

आता ४ ते २० मिलिअँपिअरचा, दोन वायरींचा, ० ते १० बारचा औद्योगिक ट्रान्समीटर आणला. किंमत ३,२०० रुपये, म्हणजे आधीच्या सेन्सरच्या साडेतीनपट. या पद्धतीत दाबाची माहिती व्होल्टेजमध्ये नसून करंटमध्ये असते, त्यामुळे वायर लांबली तरी आकडा बदलत नाही. शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर करंट वाहत असल्याने, शून्य करंट दिसला की वायर तुटली हे आपोआप समजते. शून्य बार आणि तुटलेली वायर यांत फरक न कळणारी यंत्रणा रात्रीच्या कामाला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

करंटचे व्होल्टेज करण्यासाठी १५० ओहमचा रेझिस्टर लावला आहे, त्यामुळे ०.६ ते ३.० व्होल्टचा पल्ला मिळतो. ईएसपी-३२ मधील स्वतःचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, पल्ल्याच्या दोन्ही टोकांना वाकडा चालतो, म्हणून त्याऐवजी १६ बिटांचे एडीएस-१११५ मॉड्यूल वापरले. तरीही पाव बारचा फरक राहिलाच. पेटीत पडलेला साधा पाच टक्के टॉलरन्सचा रेझिस्टर मोजला तर तो १५४ ओहमचा भरला, आणि तो पाव बार तिथेच होता. ०.१ टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर लावल्यावर कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलेल्या गेजशी आकडा जुळला. तीन हजारांच्या ट्रान्समीटरची अचूकता एका रुपयाच्या रेझिस्टरने घालवू नये.

शील्ड असलेली वायर वापरली असून शील्डचे फक्त पॅनलकडील टोक अर्थ केले आहे. दोन्ही टोके अर्थ केली की शील्डमधूनच करंट फिरू लागतो. व्हीएमसीचे ड्राइव्ह चालू असतानाही रीडिंग आता स्थिर आहे.

२८ जून

विजेच्या बाजूला आरएस-४८५ पोर्ट (दोन वायरींवरून आकडे पाठवण्याची सोय) असलेले तीन फेजचे मीटर आणि ५०/५ चे तीन स्प्लिट-कोअर सीटी, म्हणजे केबलभोवती बसणारे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवले. मीटर ३,९०० रुपयांचे आणि सीटी मिळून २,१०० रुपयांचे. सीटी बसवताना मेन स्विच बंद करून कुलूप लावले होते. मोटर चालू असताना सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवू नये, तिच्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज तयार होते. हे काम लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनच्या हातूनच करून घ्यावे.

मीटर बोलू लागले ते चोवीस अंकी आकड्यांत. मीटर ज्या भाषेत बोलते ती मॉडबस १९७९ पासून चालत आलेली आहे आणि तिच्यात एक रजिस्टर १६ बिटांचेच असते. दशांश आकड्याला ३२ बिट लागतात, म्हणजे दोन रजिस्टरे, आणि त्यांतले आधी कोणते व नंतर कोणते हे प्रत्येक मीटर बनवणारा आपापल्या पद्धतीने ठरवतो. प्रोग्रॅममध्ये दोन्हींची अदलाबदल केल्यावर समजणारे आकडे आले. ‘ए’ आणि ‘बी’ टर्मिनलांच्या नावांचीही हीच गत आहे, मॉड्यूलवरचा ‘ए’ मीटरवरच्या ‘बी’ला जोडल्यावर संवाद सुरू झाला. अशा जोडणीत उलटसुलट करून पाहिल्याने काही बिघडत नाही, त्यामुळे उत्तर मिळाले नाही तर आधी तेच करावे.

याहून अवघड गोष्ट पुढे निघाली. कॉम्प्रेसर लोडवर असताना मीटर ५.६ किलोवॅट दाखवत होते आणि अनलोडला, म्हणजे मोटर फिरत असूनही हवा भरली जात नसताना, दोनच्याही खाली येत होते. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडला साधारण एक-तृतीयांश वीज खातो हे माहीत असल्यामुळे ५.६ हा आकडा अनलोडचा म्हणून सहज खपून गेला असता. परंतु क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजांवर लोडच्या वेळी २७ अँपिअर दाखवले, आणि ४१५ व्होल्टवर एवढा करंट म्हणजे सतरा किलोवॅटच्या आसपास वीज व्हायला हवी. एक सीटी उलटा बसला होता. दोन फेजांची वीज अधिक आणि तिसरीची उणे, म्हणून बेरीज बरोबर एक-तृतीयांश. सीटीवरील बाणाची दिशा बदलल्यावर लोडला १६.८ आणि अनलोडला ५.६ किलोवॅट असे खरे आकडे मिळाले. तीन फेजांचे आकडे नेहमी वेगवेगळे वाचावेत. नुसती बेरीज पाहिली असती, तर पुढचा सगळा हिशेब खोट्या पायावर उभा राहिला असता.

कंट्रोलरला वायर न जोडताही यंत्राची स्थिती आता कळते : बारा किलोवॅटच्या वर म्हणजे लोड, चार ते आठच्या मध्ये म्हणजे अनलोड, अर्ध्या किलोवॅटखाली म्हणजे बंद.

५ जुलै

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर मात्र चालू ठेवला. अशा वेळी तो जेवढी हवा भरतो, ती सगळी गळतीचीच असते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ऊर्जा परीक्षकांसाठीच्या पुस्तिकांत दिलेली रीत सोपी आहे : लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ, हे गुणोत्तर म्हणजे क्षमतेच्या किती भागाची गळती.

पहिल्या दिवशी दर दहा सेकंदांनी रीडिंग घेतले जात होते आणि त्यातून गळती कधी १९ टक्के तर कधी ३४ टक्के येत होती. लोडचा संपूर्ण काळच सोळा सेकंदांचा असल्यामुळे दहा सेकंदांच्या जाळीत त्याची नेमकी लांबी सापडणे शक्यच नव्हते. आता दाब सेकंदाला दहा वेळा वाचला जातो, त्याची सरासरी काढून वळणबिंदू शोधले जातात, म्हणजे दाब चढता चढता उतरू लागला तो क्षण आणि उतरता उतरता चढू लागला तो क्षण. बाहेर मात्र मिनिटाला एकच सारांश पाठवला जातो. विजेच्या मीटरवरून लोडची वेळ मोजण्याचा नाद सोडून दिला, कारण मीटर स्वतःच आकडे सरासरी करून सावकाश बदलते.

आलेले आकडे असे : दाबाचा पट्टा ६.२ ते ७.० बार, लोड १६ सेकंद, अनलोड ४२ सेकंद, गळती २८ टक्के.

एका रीतीवर भरवसा ठेवणे मला पटले नाही, म्हणून कॉम्प्रेसर बंद करून दाब उतरण्याचा वेळही मोजला. टाकी ५०० लिटरची आणि मुख्य लाइनमधली हवा सुमारे ५० लिटर, म्हणजे एकूण ५५० लिटर. दाब ७ वरून ६ बारवर यायला ५२ सेकंद लागले. त्यावरून गळती मिनिटाला ६३५ लिटर निघते आणि २२६५ चा तो २८ टक्केच भाग आहे. दोन वेगळ्या वाटांनी गेल्यावर एकाच ठिकाणी पोहोचलो, तेव्हा या यंत्रणेवर विश्वास बसला.

१३ जुलै

दुपारी वीज गेली आणि परत आली. ईएसपी-३२ दोन सेकंदांत जागा झाला, वायफायचा राउटर मात्र मिनिटभराने. त्या मधल्या काळातल्या सर्व नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख पडली, कारण बोर्डाला वेळ इंटरनेटवरूनच कळत होती. बॅटरीवर चालणारे डीएस-३२३१ घड्याळ १८० रुपयांना बसवले. नेटवर्क नसताना नोंदी मेमरी कार्डवर साठतात आणि जोडणी परत आली की एमक्यूटीटीने कार्यालयातील जुन्या संगणकाकडे जातात. एमक्यूटीटी ही छोटे संदेश पाठवण्याची पद्धत १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहाच्या कमकुवत दुव्यावरून लक्ष ठेवण्यासाठी निघाली. पत्र्याच्या शेडमधल्या कमजोर वायफायला ती म्हणूनच मानवते. बोर्डाची लोखंडी पेटी बदलून प्लास्टिकची केल्यावर सिग्नलही पुरेसा मिळू लागला.

२७ जुलै

आठवडाभर आलेखाचा आकार बदलत चालला होता. दाबाची टोकदार शिखरे बोथट होऊन गेली होती आणि लोड संपल्यावर दोन-तीन सेकंदांनी शिखर दिसत होते. ट्रान्समीटर काढला तर त्याच्या भोकात गंजाचा तांबूस चिखल भरलेला. टाकीच्या खालच्या अंगाला सॉकेट मोकळे होते म्हणून तिथे बसवला होता, आणि पावसाळ्यात नेमके तिथेच पाणी साठते. नाशिकच्या जुलैतील दमट हवा आठपट दाबली जाते तेव्हा तिच्यातली बाष्प धरून ठेवण्याची जागाच संपते. आमच्या आकाराचा कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर असेल तर तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज गाळतो. भोक चिखलाने अरुंद झाले की दाब आत पोहोचायला वेळ लागतो. आकडा खोटा नसतो, पण शिळा असतो, आणि सेकंदांवर चालणाऱ्या हिशेबाला शिळा आकडा पुरत नाही.

ट्रान्समीटर आता टाकीच्या माथ्यावर, गोल वळवलेल्या सायफन नळीवर बसवला आहे. सेन्सर कोणता घ्यावा यावर जेवढा विचार होतो, तेवढाच तो कुठे बसवावा यावर व्हायला हवा.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर शॉप रिकामे होते, तेव्हा गळती शोधण्याचे काम हाती घेतले. सूक्ष्म भोकातून सुटणारी हवा माणसाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्या वर, ४० किलोहर्ट्झच्या आसपास जोरात आवाज करते. अंतर मोजण्याच्या स्वस्त अल्ट्रासॉनिक मॉड्यूलवरचा ४० किलोहर्ट्झचा रिसीव्हर काढून, त्याला अॅम्प्लिफायर आणि छोटा डिस्प्ले जोडून, पुढे प्लास्टिकच्या नळीचा तुकडा लावून शोधक तयार केला. कामाच्या दिवशी तो उपयोगाचा ठरत नाही, कारण प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट आणि प्रत्येक ब्लोगन (हवेचा झोत मारण्याची बंदूक) त्याला गळतीच वाटते. शांत शॉपमध्ये मात्र तो दोन मीटरवरून दिशा दाखवतो. नेमकी जागा शेवटी साबणाच्या पाण्यानेच ठरते.

सर्वांत मोठी गळती शोधकाच्या आधी आमच्या फिटरकाकांनी पकडली. टाकीपाशी उभे राहून ते म्हणाले, “साहेब, हा आवाज कॉम्प्रेसरचा नाही, ड्रेनचा आहे.” टाकीतले पाणी आपोआप बाहेर सोडणाऱ्या ऑटो ड्रेन व्हॉल्व्हच्या बैठकीत गंजाची खपली अडकून तो अर्धवट उघडा राहिला होता. तो उघडून, साफ करून, त्याच्या अलीकडच्या बाजूला गाळणी बसवली. पुन्हा दाब उतरवून पाहिला तर एक बार उतरायला ५२ ऐवजी ६९ सेकंद लागले. म्हणजे एकट्या ड्रेनमधून मिनिटाला दीडशे लिटरहून अधिक हवा जात होती.

उरलेली गळती विखुरलेली होती. पीयू (पॉलियुरेथेन) नळ्या पक्कडीने तिरक्या कापून पुश फिटिंगमध्ये ढकललेल्या होत्या. तिरक्या टोकाची एक बाजू आतल्या ओ-रिंगपर्यंत पोहोचतच नाही आणि साबणाचे पाणी लावले की त्या बाजूने बारीक फेसाची अर्धचंद्राकृती उमटते. एकदा ती खूण डोळ्यांत बसली की पुढच्या फिटिंगवर ती लगेच ओळखू येते. नळी काटकोनात कापणारा कटर दीडशे रुपयांना मिळतो, तो प्रत्येक यंत्रापाशी दोरीने बांधून ठेवला. एफआरएल युनिटच्या (हवा गाळणाऱ्या, दाब ठरवणाऱ्या आणि तेल देणाऱ्या जोडणीच्या) वाट्यांखालील रबर वाळून भेगाळले होते, काही सांध्यांवरची टेफ्लॉन टेप सुटली होती, तीन ब्लोगनांचे ट्रिगर पूर्ण बसत नव्हते. १ मिलिमीटरचे भोक ७ बारला मिनिटाला सत्तर लिटरपर्यंत हवा सोडू शकते आणि भोकाचा व्यास दुप्पट झाला की गळती चौपट होते. त्यामुळे क्रम आवाजाच्या जोराने लावला आणि मोठ्यापासून सुरुवात केली. फिटिंग, रबर आणि ब्लोगन मिळून ८,४०० रुपये खर्च झाला. जे सांधे सुट्टीत उघडता आले नाहीत, ते पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत केले.

२४ ऑगस्ट

सुट्टीच्या दिवशीची चाचणी पुन्हा घेतली : लोड १३ सेकंद, अनलोड १३० सेकंद, गळती ९ टक्के. एक बार उतरायला आता अडीच मिनिटांहून अधिक लागतात. २८ वरून ९ हा फरक मोठा आहे आणि सर्वांनी मनापासून मेहनत घेतल्याचे ते फळ आहे.

विजेचा आकडा मात्र तसा बोलत नाही. रात्रीची सरासरी आधी ९ किलोवॅट होती, ती ६.९ वर आली आहे. गळती एक-तृतीयांश झाली आणि वीज चौथ्या भागानेही घटली नाही. मीटर बसवले नसते तर ही गोष्ट कधीच उघड झाली नसती, आणि गळती थांबवल्याने बिलही त्याच प्रमाणात उतरले असेल असे धरून आम्ही काम संपवले असते. कारण विजेच्या नोंदींत स्वच्छ दिसते. हवेची गरज कमी झाली म्हणजे कॉम्प्रेसर अनलोडला जास्त वेळ राहतो, आणि अनलोडला तो ५.६ किलोवॅट खातच राहतो. कंट्रोलरमध्ये ठराविक वेळ अनलोड राहिल्यावर मोटर थांबवण्याची सोय आहे, परंतु दोन मिनिटांत पुन्हा लोड येतो आणि तेवढ्या अवधीत मोटर थांबत नाही. तो अवधी कमी करणे योग्य नव्हे, कारण एवढ्या मोठ्या मोटरला तासाला पंचवीस वेळा सुरू करणे म्हणजे तिचे वाइंडिंग जाळण्याची तयारी.

रात्री व्हीएमसीला लागणारी हवा मिनिटाला सुमारे ६० लिटर आहे. तिच्यासाठी २२६५ लिटरचे यंत्र जागे ठेवणे म्हणजे एका कपाच्या चहासाठी लग्नघरातली भट्टी पेटवण्यासारखे आहे. शेडच्या मागे ३ एचपीचा जुना पिस्टन कॉम्प्रेसर पडून आहे, तो मिनिटाला ३०० लिटर हवा देतो आणि दाब भरला की प्रेशर स्विच त्याला पूर्णपणे बंद करतो. रात्रीसाठी तो वापरण्याचा प्रस्ताव मालकांपुढे आकड्यांसह ठेवला आणि त्यांनी त्याच बैठकीत होकार दिला.

६ सप्टेंबर

विसर्जनाच्या सुट्टीत जोडणी पूर्ण केली. पिस्टन कॉम्प्रेसरच्या रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट आणि पट्टा बदलला, आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, सक्षम व्यक्तीकडून करून घेतली. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबाखालील संयंत्रांच्या सुरक्षिततेची तरतूद होती आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या टाकीत हवा भरण्यापूर्वी ही चाचणी टाळण्यासारखी नाहीच. या सर्वांना १२,५०० रुपये लागले.

व्हीएमसीची शाखा मुख्य लाइनपासून वेगळी करता यावी म्हणून मध्ये बॉल व्हॉल्व्ह बसवला आहे. रात्री तो बंद करायचा, स्क्रू कॉम्प्रेसर थांबवायचा आणि पिस्टन सुरू करायचा. दुसरा ट्रान्समीटर व्हीएमसीच्या शाखेवर लावला आहे.

पहिल्या रात्रीच्या नोंदी अपेक्षेप्रमाणे आल्या : शाखेतील थोडी गळती धरून गरज मिनिटाला शंभर लिटर, पिस्टन कॉम्प्रेसर एक-तृतीयांश वेळ चालू, सरासरी वीज ०.८ किलोवॅट.

११ सप्टेंबर

पहाटे दोनला व्हीएमसी कमी दाबाचा अलार्म देऊन थांबली आणि अर्धवट कापलेला जॉब भंगारात गेला. नोंदी उघडल्यावर चित्र स्पष्ट झाले. व्हीएमसीच्या शाखेचा आणि मोठ्या टाकीचा दाब रात्रभर एकमेकांना चिकटून खाली येत होता, म्हणजे बॉल व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता आणि छोटा पिस्टन संपूर्ण शॉपची गळती भरत बसला होता. पिस्टनची क्षमता आणि शॉपची गळती यांत फारसे अंतर नसल्यामुळे एका मशीनवर ब्लोगनचा ट्रिगर अडकला एवढे निमित्त पुरले.

दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरवर याचा ठपका ठेवणे मला योग्य वाटत नाही. घरी जाण्याच्या घाईत माणसाच्या लक्षात राहील या भरवशावर यंत्रणा उभी करू नये. व्हॉल्व्हच्या दांडीपाशी जवळ आलेला धातू ओळखणारा, एम-१२ आकाराचा इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर बसवला. तो सुरुवातीला दांडी ओळखेना, कारण त्याची पोहोच ४ मिलिमीटरची आणि दांडीवरच्या प्लास्टिकच्या वेष्टनानेच त्यातले दोन मिलिमीटर खाल्लेले. दांडीला मऊ लोखंडाची पट्टी स्क्रूने लावली, तेव्हा तो पक्का पकडू लागला. पितळ किंवा अॅल्युमिनिअमची पट्टी लावली तर या सेन्सरची पोहोच निम्म्यावर येते, म्हणून लोखंडच घ्यावे. सेन्सरचा २४ व्होल्टचा सिग्नल ऑप्टोकपलरमधून, म्हणजे दोन्ही बाजू प्रकाशाने जोडून विजेने वेगळ्या ठेवणाऱ्या भागातून, ईएसपी-३२ कडे जातो. पिस्टन सुरू आहे आणि दांडी बंद स्थितीत नाही, असे दिसले की दाराजवळचा भोंगा वाजतो, तो व्हॉल्व्ह फिरवल्याशिवाय थांबत नाही. दार लावून निघणाऱ्या माणसाला तो ऐकू येणारच.

१९ सप्टेंबर

शॉपच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर दाब कमी मिळतो ही जुनी तक्रार होती आणि तिच्यापायीच कॉम्प्रेसर ७ बारपर्यंत चढवून ठेवला होता. शाखेवरचा ट्रान्समीटर दिवसा त्या टोकाला लावून पाहिला : टाकीपासून तिथपर्यंत ०.७ बारची घट. मधल्या फिल्टरचे एलिमेंट बदलल्यावर ती ०.२ झाली. त्यानंतर कॉम्प्रेसरच्या दाबाचा पट्टा ०.४ बारने खाली आणला आहे. सात बारच्या आसपास एक बार दाब कमी केला की वीज सहा-सात टक्क्यांनी वाचते, त्या हिशेबाने हा फायदा छोटा आहे, पण तो दिवसभर मिळतो.

३० सप्टेंबर

रात्रीचा वापर आठ तासांना ७२ युनिटांवरून साडेसहा युनिटांवर आला आहे. आमच्या बिलात सर्व आकार धरून एक युनिट साडेआठ रुपयांच्या आसपास पडते, त्यामुळे एका रात्रीमागे साडेपाचशे रुपयांहून थोडी अधिक बचत होते. सेन्सर, मीटर, पेटी आणि वायरिंग यांना तेरा हजारांच्या आसपास, फिटिंगला ८,४०० आणि पिस्टन कॉम्प्रेसरला १२,५०० असा एकूण खर्च चौतीस हजारांच्या घरात जातो. बाद झालेला पहिला सेन्सर आणि भंगारात गेलेला जॉब यात धरलेला नाही.

सुट्टीच्या दिवशीची गळतीची चाचणी आता आपोआप होते. सर्व यंत्रे बंद आहेत आणि कॉम्प्रेसर ठरलेल्या वेळी अर्धा तास चालू आहे असे दिसले की संगणक स्वतः गुणोत्तर काढून ठेवतो. या आठवड्याचा आकडा ११ टक्के आहे, म्हणजे ऑगस्टनंतर दोन टक्के परत चढले. बारा टक्क्यांच्या वर गेला की फिटरकाकांच्या आणि माझ्या फोनवर संदेश येईल असे लावले आहे, परंतु तोवर थांबण्याची गरज नाही. पॉलिशिंगच्या बाजूच्या दोन एफआरएल वाट्यांचे रबर मागवले आहे आणि येत्या सुट्टीत शोधक घेऊन आधी तीच रांग तपासायची आहे.